रुमालाखालचे चौथे बोट

पौष वद्य नवमीस, सूर्योदयापूर्वी दोन घटका, किल्ले सांडसगड पडला.

परंतु गडाचे किल्लेदार श्रीमंत रंभाजीराव यांनी त्याच सकाळी स्वहस्ते लिहिलेल्या पत्रात 'गड पडलेला नाही' असे साफ नमूद केले आहे, आणि पत्रावर मोर्तबही आहे. तेव्हा आपणही तो पडलेला नाही असेच धरून चालू. गड उभा आहे. तिथी वद्य पंचमी. पूर्वेस तांबडे फुटते आहे, दरीतले धुके माळावर पुरुषभर चढून थांबले आहे, आणि पायथ्याच्या माळावर त्या धुक्यातून नुसते घोड्यांचे कान तेवढे वर दिसत आहेत. शेकडो कान. खालची घोडी कोणी चोरून नेली आणि कान तेवढे मागे ठेवले, असे नवख्याला वाटावे.

हा सांडसमाळाचा घोडेबाजार. तो पौषात सात दिवस भरे. भीमथडीची तट्टे, काठेवाडी घोडी, खोगिराने पाठी सोललेली लष्करातली जनावरे, सगळे इथे यायचे. त्या साली गडाला सरदार रणदिव्यांचा अडीच महिन्यांचा वेढा होता, तरी बाजार भरला. कारण वेढा घालणाऱ्यांनाही घोडी लागत आणि वेढ्यात सापडलेल्यांनाही घोडी विकायची असत. सात दिवस माळावर कोणी शस्त्र उपसायचे नाही असा जुना कौल होता. माणसे सकाळी एकमेकांशी भावावरून हुज्जत घालत आणि आठव्या दिवशी त्याच घोड्यांवर बसून एकमेकांना मारीत.

गडावर मात्र वेढा नव्हता. किल्लेदारांचा तसा हुकूम होता. 'गडास वेढा पडला आहे असे जो कोणी म्हणेल त्याचा कडेलोट होईल,' अशी दवंडी पहिल्याच आठवड्यात पिटली होती, आणि दोघांचा झालाही होता. तेव्हापासून गडावरची माणसे वेढ्याला 'खालची मंडळी' म्हणत. ज्वारी संपली, चिंचोके भाजून खाणे सुरू झाले. तरी गड सोडून जायला परवानगी नव्हती, कारण वेढाच नाही तर जायचे कशाला? यातली तर्काची बाजू इतकी भक्कम होती की तिच्यापुढे तटबंदी कच्ची वाटे.

त्या गडावर कुशाबाची बहीण होती.

कुशाबा लोणारे हा सांडसमाळाचा दलाल. बाजारातली रीत अशी, की घोड्याचा भाव तोंडाने कधी बोलायचा नाही. दलालाने हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली विकणाऱ्याचा हात धरायचा, तो जितकी बोटे दाबील तितका आकडा मनात घ्यायचा, मग तसाच जाऊन घेणाऱ्याच्या हाताला हात लावायचा. घेणारा आणि विकणारा एकमेकांना शिवत नाहीत. भाव ठरला की त्याच बोटांनी ठरायचे: जनावर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या दारातून द्यायचे. आणि दलालाची शपथ एकच. बोटांनी कळलेले तोंडाने सांगायचे नाही, आणि एक बोटही इकडचे तिकडे करायचे नाही.

कुशाबा चांगला दलाल होता. फक्त त्याच्या रुमालाखाली दोनऐवजी तीन हात असत.

तिसरा हात आबाजीमामाचा. कुशाबाला आणि त्याच्या बहिणीला, गोजराला, लहानपणी सांभाळले ते याच मामाने, आणि दलालीही त्यानेच शिकवली. आबाजीमामा वारून सहा वर्षे झाली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुशाबाने एका शिंगराच्या सौद्यासाठी रुमाल टाकला, तर खाली एक हात अगोदरच येऊन बसलेला. थंडगार, अंगठ्याच्या मुळाशी लगामाचा घट्टा असलेला. कुशाबाची बोबडी वळली. पण त्या हाताने सरळ शिंगराचा खरा भाव दाबला, आणि तो अगदी बरोबर निघाला. त्यानंतर प्रत्येक सौद्याला हात येई. कधी चुकला नाही, कधी दलाली मागितली नाही. जिवंतपणी मामा पै सोडत नसे. मेल्यावर माणूस सुधारतो ते असे.

हा हात का येतो, हे मात्र कुशाबाला ठाऊक होते. आबाजीमामाने मरायच्या आधी पाच वर्षे एका म्हाताऱ्या घोडीचा सौदा केला होता. घोडी मरायला टेकलेली, आणि तिला गावाच्या मोलाचा भाव. मामाला बोटांवरूनच कळले की विकतोय तो घोडी नव्हे, मोरदऱ्याचा गड. तो काही बोलला नाही. दाबली तितकी बोटे त्याने पोहोचवली, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मोरदऱ्यात दोनशे सहा माणसे कापली गेली. मामाला दलाली मिळाली. तेव्हापासून त्याचा उजवा हात गार पडला तो पडलाच. भर वैशाखात शेगडीवर धरून बसायचा आणि म्हणायचा, "कुशा, बोटं बरोबर दाबली होती रे मी. मोज पाहिजे तर."

तर पंचमीच्या त्या सकाळी, धुके पुरते विरले नव्हते तोच, गडाचे पागनीस केसोपंत बाजारात उतरले. घोड्यांच्या पागेचा सारा कारभार त्यांच्याकडे. मागे एक पांढरी तट्टाणी. एका डोळ्याने आंधळी, मागल्या पायाने लंगडी, आणि बरगड्या अशा की त्यांवर वाळवणाचे पापड घालावेत.

"काय रे कुशाबा, गिऱ्हाईक बघ हिला."

"पंत, हिला गिऱ्हाईक म्हंजे गिधाडच."

"जिभेला हाड नाही तुझ्या. रुमाल टाक. रणदिव्यांचे कारभारी भुजंगराव तिकडे बाभळीखाली बसलेत, त्यांना विचार. त्यांनी हिला पाहिली आहे. पसंत आहे."

कुशाबाने रुमाल टाकला. पंतांचा हात घामेजलेला होता. त्यांनी पाच बोटे दाबली आणि मग मनगट पकडले. मनगट म्हणजे हजार. पाच हजार! एवढ्यात दीडशे जातिवंत घोडी आली असती, आणि ती दोन्ही डोळ्यांनी बघणारी. मग तीन बोटे आली आणि नखाची एक रेघ: आजपासून तिसरी पहाट. आणि शेवटी तळव्यावर आडवे बोट ओढले गेले. त्याचा अर्थ मागल्या दाराने. भाऊबंदकीत एक भाऊ दुसऱ्याला न कळवता घोडे विकतो, तेव्हा ही खूण करतात.

सांडसगडाला मागले दार होते. पश्चिमेच्या ओढ्यावर उतरणारा चोरदरवाजा. तो पागनिसांच्या ताब्यात होता, आणि रणदिव्यांना अडीच महिन्यांत सापडला नव्हता.

"पोचलं?" पंतांनी विचारले.

"पोचलं जी."

"ओढ्यातून दिसेल अशी चूड लावलेली असेल, तेवढे त्यांना तोंडाने सांगितलेस तरी चालेल. ते काही सौद्यातले नाही."

बाभळ तिथून पंधरा पावलांवर होती. पंधरा पावलांत माणूस किती विचार करू शकतो? कुशाबाने केला तो एवढाच: गोजरा वर आहे. तिचा नवरा तोफेवर होता, तो मागल्या महिन्यात गेला. रणदिव्यांनी दोन वेळा अभयाचा कौल देऊ केला आणि किल्लेदारांनी 'कोण रणदिवे?' असे उत्तर धाडले. आता आत शिरले तर ते चिंचोके खाणाऱ्यांनाही सोडणार नाहीत. किल्लेदारांना जाऊन सांगावे, तर वेढ्याचे नाव काढल्याबद्दल कडेलोट. कोणालाही सांगावे, तर शपथ. आणि न सांगावे, तर... त्याच्या मामाने सांगितले नव्हते.

भुजंगराव घोंगडीवर बसून दातकोरणीने दात कोरत होते. मोठा माणूस, आवाज मऊ.

"या दलाल. आमची तट्टाणी काय म्हणते?"

"काही म्हणत न्हाई जी. म्हणायची ताकद न्हाई तिच्यात."

रुमाल पडला. कुशाबाने पाच बोटे दाबली, मनगट धरले. भुजंगरावांनी मान हलवली. मग त्याने नखाची रेघ ओढून तीन बोटे लावली. आपलीच तीन, मामाच्या शिकवणीप्रमाणे बरोबर, सरळ, शेजारीशेजारी.

आणि त्यांच्या शेजारी चौथे येऊन टेकले.

ते त्याचे नव्हते. त्याची करंगळी आणि अंगठा तळव्यात मिटलेले होते. तसे त्याला वाटले. चौथे बोट विहिरीच्या तळच्या दगडासारखे गार होते, आणि जन्मात प्रथमच ते चुकीचा आकडा सांगत होते.

"चार?" भुजंगरावांच्या भुवया वर गेल्या. "चौथी पहाट. बरं. पण हे एक बोट एवढं गार का हो तुमचं?"

आता बाजाराचा आणखी एक रिवाज होता. दलालाकडून बोट चुकून लागले, तर रुमाल उचलायच्या आत त्याने 'फिरून' एवढा एक शब्द म्हणायचा. सौदा पहिल्यापासून सुरू. यात लाज नाही, दंड नाही. कुशाबाच्या ओठांपर्यंत तो शब्द आला. सात पिढ्यांत त्यांच्या घराण्यातल्या कोणाचे बोट खोटे पडले नव्हते. आज पडले, तर उद्या सांडसमाळावरच नव्हे, भीमेच्या दोन्ही काठांवर त्याच्या हाताला कोणी हात लावणार नव्हते, आणि भुजंगरावांच्या लक्षात आले तर तो हात मनगटाला लावूनही कोणी ठेवणार नव्हते. त्याने शब्द गिळला.

"सकाळची थंडी हाय जी," तो म्हणाला, तळव्यावर आडवे बोट ओढले, ओढ्यातून दिसणाऱ्या चुडीचे तोंडाने सांगितले, आणि आपल्याच हाताने रुमाल उचलला.

सौदा पुरा झाला.

सप्तमीला दुपारी कुशाबा गड चढला. उपाशी पागेतली विकाऊ तट्टे बघायला दलालाने वर येणे ही रोजची गोष्ट होती. गोजरा पागेच्या भिंतीशी जात्यावर बसली होती. जात्यात काही नव्हते. नुसते दगड फिरवत होती, आवाजाने पोरांना बरे वाटते म्हणून.

"आलास? काही आणलंस का रिकामाच?"

"झडती घेत्यात दारावर."

"मग तोंड तरी धुऊन यायचं, बघायला बरं वाटलं असतं."

तिच्या शेजारी दोन पहारेकरी उभे होते. कुशाबा तिच्यासमोर उकिडवा बसला, तिचा पदर हातावर ओढला आणि त्याखाली तिचा हात धरला. गोजराच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी थिजले. तिलाही मामानेच वाढवले होते. दर पावसाळ्यात, बाजार नसताना, मामा दोघांना समोर बसवून रुमालाखाली बोटांनी चिंचेचे बुटूक पाच हजाराला विकायचा.

कुशाबाने तोंड बंद ठेवले. शपथ तोंडाची होती. उद्याची पहाट, त्याने दाबले. मागले दार. शेवटी मूठ मिटून उघडली: माल सगळा बाहेर.

 गोजराने घासाघीस सुरू केली. उद्या नाही, परवा. इंदू बाळंतीण आहे, तिला आज चौथाच दिवस. कुशाबाने उद्याच दाबले. तिने नख रुतवले. त्याने पुन्हा उद्याच दाबले. अखेर तिने आकडा दिला: चार दहा आणि तीन. त्रेचाळीस. किल्लेदार आणि पंत सोडले तर गडावर उरलेली माणसे एवढीच. त्यात लढणारे बारा, बाकी बायका, म्हातारे, लेकरे.

तट्टे किती?

अकरा चालण्यासारखी.

बास.

"गार हाय रे तुझा हात," ती मोठ्याने म्हणाली.

"माझा न्हाई तो."

गोजराने खाली पदराकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले. पदर काढायच्या आधी तिने त्या थंड हातावर दोनदा थोपटले, म्हाताऱ्या माणसाला औषध दिल्यावर थोपटतात तसे, आणि पुन्हा जात्याचा खुंटा धरला.

अष्टमीची पहाट. दाट धुके. केसोपंतांनी चोरदरवाज्यावरचे पहारेकरी काहीतरी निमित्त काढून पाठवून दिले, आडणा काढला, ओढ्याकडच्या बाजूस चूड पेटवून लावली, आणि खालून येणाऱ्या पावलांची चाहूल घेत उभे राहिले. पावले आली, पण मागून. आधी गोजरा, तिच्यामागे काखेत लेकरू घेतलेली इंदू, मग खुरांना गोणपाट बांधलेली अकरा तट्टे, प्रत्येकावर दोन दोन म्हातारी माणसे किंवा पोरे, आणि शेवटी तट सोडून आलेले बारा शिलेदार.

पंतांच्या तोंडचे पाणी पळाले.

"तुम्ही सगळे इथे कसे?"

"तुमी कसं पंत?" गोजराने विचारले.

दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि दोन्हींची उत्तरे कडेलोटाच्या लायकीची.  पंत ओरडू शकत नव्हते. दार कोणी उघडले हे आधी सांगावे लागले असते. अखेर म्हातारी माणसे पडू नयेत म्हणून त्यांनी चूड खाली धरली आणि दाराची फळी पाठीने लोटून धरून ठेवली. असा विनयशील फितूर महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल.

निम्मी माणसे उतरली असतील, तोच वरच्या पायरीवर खडावा वाजल्या. किल्लेदार रंभाजीराव पहाटेच्या फेरीवर निघाले होते. ऐंशीच्या घरातला देह, अंगावर जरीचा अंगरखा, तो अडीच महिन्यांत दुप्पट मोठा झालेला. धुक्यातून ते आले, थांबले, आणि आपला गड एका दारातून ओघळत खाली जाताना पाहत राहिले.

शिलेदारांचे हात तरवारींकडे गेले. धन्यावर त्या उपसायच्या की धन्यासाठी, हे त्यांचे त्यांनाही माहीत नव्हते. तेव्हा गोजरा मागे फिरली. बारा पायऱ्या चढून ती किल्लेदारांपुढे उभी राहिली, आणि पदर सावरून वाकली.

"येते सरकार."

"कुठे?"

त्या एका शब्दावर त्रेचाळीस जीव टांगलेले होते. बाहेर पडतो म्हणावे, तर कशापासून? वेढ्याचे नाव घेतले की संपले. गोजराने मान वर केली.

"कुठंच न्हाई जी."

किल्लेदारांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसले ते तिने पुढे कोणाला नीटसे सांगितले नाही. एवढेच म्हणाली, की त्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळे माहीत होते.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "जाता आहात कुठेच नाही, तर घाई करा. आणि लेकराच्या डोक्यावर काही घाला. दरीत गारठा आहे."

"तुमीबी चला सरकार."

"आम्ही का म्हणून? गडावर सर्व कुशल आहे." एवढे बोलून ते वळले. खडावांचा आवाज सदरेकडे जात राहिला आणि धुक्यात नाहीसा झाला.

ओढ्यात कुशाबा उभा होता. त्याने माणसे मोजून घेतली. चव्वेचाळीस भरली. एक जास्त कोण, हे उजाडल्यावर कळले: त्याच पांढऱ्या तट्टाणीच्या लगामाला धरून, कोणाचे तरी गाठोडे डोक्यावर घेऊन, खाली मान घालून केसोपंत चालत होते.

नवमीच्या पहाटे रणदिव्यांचे तीनशे लोक ओढ्यातून वर आले. चूड नव्हती, दार सताड उघडे होते. आत पागा रिकाम्या, तट रिकामा, जात्यावर हात ठेवला तर गार. तीनशे माणसे नागव्या तरवारी घेऊन पाऊल न वाजवता त्या रिकाम्या गडावर फिरली, आणि त्यांतल्या कित्येकांनी पुढे म्हातारपणी कबूल केले, की लढाईत वाटली नाही एवढी भीती त्यांना त्या सकाळी वाटली. सदरेवर एक समई जळत होती. तिच्याजवळ रंभाजीराव पत्र लिहीत बसले होते. त्यांनी मान वर करून जोडे बाहेर काढायला सांगितले, पत्रावर मोर्तब केले, आणि मग जे व्हायचे ते झाले. पण पत्रात ते नाही.

सात दिवसांनी भुजंगरावांनी दलालांच्या पंचांपुढे रीतसर फिर्याद गुदरली, की सौदा खरा असून दलालाने दिवस चुकीचा पोहोचवला. आश्चर्य म्हणजे केसोपंतही साक्षीला आले. त्यांना फितुरीचे पैसे मिळाले नव्हते आणि तक्रारीला दुसरी जागा नव्हती. बाभळीखाली पाच म्हातारे पंच बसले. पंतांनी शपथेवर सांगितले, आपण तीन बोटे दाबली. भुजंगरावांनी शपथेवर सांगितले, आपल्याला चार लागली. त्यांतले चौथे गार होते. दोघांनीही खरे सांगितले. असा स्वच्छ खटला पंचांपुढे कधी आला नव्हता.

"कुशाबा," थोरले पंच येसबा म्हणाले, "चौथं बोट कुणाचं?"

"मामाचं. आबाजीचं."

"तो मेलाय."

"व्हय."

"मेलेल्याला हात कसा लावता यील?"

"त्यालाच इचारा. सा वरसं लावतोय."

पंचांनी आपसांत पाहिले. आबाजीला ते सगळे ओळखत होते, आणि मोरदराही त्यांना माहीत होता. येसबांनी डोळे पुसले, धुळीमुळे असेल. पण निवाडा निवाडा असतो. कुशाबाचा रुमाल भर माळावर मधोमध फाडला गेला, आणि भीमेच्या दोन्ही काठांवर त्याने कोणाच्या हाताला हात लावू नये असे ठरले. त्रेचाळीस माणसे कडेला उभी होती. इंदूच्या लेकराचे बारसे त्याच संध्याकाळी होते.

त्या रात्री कुशाबाने घरी बसून, फाटका तर फाटका, रुमाल हातावर टाकला. खाली हात एकच होता. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही एकच. तो हाताकडे बघत बसे; तीन बोटे पुढे करी, करंगळी मिटे, उघडे, पुन्हा मिटे. जे झाले ते मामाने केले की आपण, हे त्याला कळेना. मामाने केले असेल तर म्हातारा सुटला, एवढे खरे. आणि आपण केले असेल, तर मामा अजून कुठेतरी शेगडीवर हात धरून बसला आहे. म्हणून त्याने गावच्या कुलकर्ण्याकडून अर्ज लिहवून घेतला. तो असा:

'राजमान्य राजश्री पंच मंडळी, घोडेबाजार सांडसमाळ, यांसी कुशाबा लोणारे, बरतरफ दलाल, याचा दंडवत. विनंती विशेष. वद्य पंचमीचे सौद्यात चौथे बोट कोणाचे, याचा निवाडा एकतर्फी जाहला. करिता आमचे मामा मयत आबाजी यांस पंचांचे सहीनिशी ताकीदपत्र धाडून, पुढील बाजारी चौकशीस जातीने हजर करावे. त्यांस सबंध येणे न जमल्यास हात आला तरी चालेल. तो गार आहे की ऊन, एवढे लावून पाहून आम्हांस कळवावे. बहुत काय लिहिणे.'